पी.पी. नत्थूजी

माझे वडील नत्थूजी जिवंत होते तोवर त्यांनी फोनचा रिसीव्हर कधी हातात धरला नाही. सगळा जन्म गिरणीत गेला, फोन कुठला असायला! पण ते वारल्यावर, आणीबाणीच्या काळात, दर गुरुवारी त्यांना भिवापूरहून ट्रंक कॉल येऊ लागला. ही अक्कल माझ्या थोरल्या भावाची, देवरावची.

मी तेव्हा नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजात ऑपरेटर होते. बाहेरगावी बोलायचं तर लोक आमच्याकडे कॉल बुक करायचे आणि आम्ही बोर्डावर कॉर्ड खोचून गावाला गाव जोडून द्यायचो. त्यात एक पी.पी. नावाचा प्रकार होता. ज्याचं नाव सांगितलं तोच माणूस फोनवर आला तर कॉल सुरू. नाही आला तर जुजबी आकार, बाकी माफ. आपल्या लोकांना एवढी फट पुरे. जावई उमरेडहून 'लक्ष्मीबाई आहेत का' असं विचारायचा, इकडून सासू 'नाहीत' म्हणायची आणि फोन ठेवून कुणाला तरी बर्फी आणायला पिटाळायची. मुलगी झाली! मुलगा असता तर 'रामभाऊ आहेत का' असं आलं असतं. आम्हा ऑपरेटर बायकांना हे सगळं ठाऊक होतं. बोर्डावर बसल्या बसल्या आम्ही मनानं शंभर बारशांना जाऊन आलो असू.

देवराव लेबर कोर्टात वकिली करायचा. आणीबाणी लागली आणि पोलीस माणसं घरातून उचलून आत टाकू लागले, तेव्हा ह्यानं सायक्लोस्टाइल करून एक पत्रक काढलं. नवऱ्याला कशासाठी नेलं, हे विचारायचा हक्क बायकोला तरी आहे की नाही, एवढंच त्यात विचारलं होतं. तेवढ्यावर मिसाचं, म्हणजे बिनखटल्याच्या कैदेचं, वॉरंट निघालं. देवराव निसटला तो भिवापूरला, गोपाळरावांच्या मिरचीच्या गोदामात. गोपाळराव मिरचीचे व्यापारी. त्यांची एक केस देवरावनं लढवली होती, आणि त्यांच्या दुकानात फोन होता.

इंदोऱ्यातल्या आमच्या घरासमोर साध्या कपड्यातले पोलीस बसायला लागले, तेव्हा आई शेजारणींना "माहेरी चालली" असं सांगून माझ्याकडे प्रताप नगरात आली. माझा नवरा रेल्वेत, सदा लायनीवर. मी लग्नानंतरचं आडनाव लावत होते, आणि पोलिसांचं गाडं अजून तिथवर पोचलं नव्हतं.

देवरावनं जाण्याआधी सगळं ठरवून दिलं होतं. गुरुवारी दुपारी गोपाळरावांनी भिवापूरहून कॉल बुक करायचा, आमच्या शेजारच्या कुसुमावतीबाईंच्या नंबरावर, पी.पी. नत्थूजी. नाव आलं म्हणजे देवराव ठीक आहे. कुसुमावतीबाईंनी आईला बोलवायचं आणि आईनं उत्तर द्यायचं, "बाहेरगावी गेले." म्हणजे इकडेही ठीक. धोका असला तर म्हणायचं, "दवाखान्यात नेलं." ते ऐकल्याबरोबर देवरावनं भिवापूर सोडायचं. ऑपरेटर म्हणून ते उत्तर शब्दाला शब्द पुढं सांगणं हे तर माझं कामच होतं, सरकार त्याचा मला पगार देत होतं. "नाव मेलेल्या माणसाचंच पाहिजे," देवराव म्हणाला होता. "जिता माणूस एखाद्या दिवशी खरंच फोनवर यायचा."

आईला हे मुळीच पटलं नव्हतं. "मेलेल्या माणसाले गावाले पाठवता," ती म्हणायची. "जिंदगीत कधी खोटं बोलला नाही तो, अन् त्याच्या नावानं मले खोटं बोलायले लावता." मग हळूच खरं दुखणं बाहेर यायचं. "एकदा त्याचा आवाज तं ऐकव वं, शामे. तुह्याच हातात तं हाये सगळं. दिवसभर लोकायच्या पोराईचे आवाज ऐकून राहिली तू." मी चिडायचे. ऐकवता येत नाही हे तिला दहादा समजावलं होतं. ती मान हलवायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

एप्रिल सरता सरता एक्स्चेंजात बाबनराव आला. पोलिसांच्या खास शाखेचा माणूस. माझ्या बोर्डाशेजारी त्याचं टेबल लागलं, आणि मी सांभाळत होते त्या उमरेड-भिवापूरच्या लाइनीवरून एक तार काढून त्याच्या टेबलावरच्या हेडसेटला जोडली गेली. कशासाठी, कोणाच्या हुकमानं, हे विचारायची सोय नव्हती. आमच्या सुपरवायझर प्रेमिलाबाईंनी फक्त एवढंच सांगितलं की ह्यांना हवा तो नंबर द्यायचा आणि बाहेर ब्र काढायचा नाही. लोक आपल्या घरच्या गोष्टी बोलायचे. कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या गाठीचं निदान झालं. हा माणूस चहा पीत ते ऐकायचा. माझ्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. आम्हीही ऐकत होतो म्हणा, पण आमच्या कानातून ते कोणाच्या जीपपर्यंत जात नव्हतं.

बरं, माणूस वागायला वाईट असता तर सोपं गेलं असतं. हा उमरेडच्या कोष्ट्यांचा, बाप हातमागावर बसलेला. स्वतःला चहा मागवताना मलाही मागवायचा. पी.पी.ची गंमत त्यालाही ठाऊक होती, मुलीच्या बाळंतपणात त्यानंही तेच केलं होतं. त्यामुळे तो नावांवर लक्ष देत नसे. "नाव काही बी ठेवा, मॅडम," तो म्हणायचा. "मले नाव नाही पाहिजे, आवाज पाहिजे. एका वकिलाचा. दोन वर्सं त्याच्या सभेत मांडी घालून बसलो मी, भाषन टिपून घ्यायची ड्यूटी होती. बोलायच्या आधी दोनदा खाकरते तो. अंधारात खाकरला तरी सांगीन."

मी हसल्यासारखं केलं. देवराव खरंच दोनदा खाकरायचा, लहानपणापासून, शाळेत कविता म्हणतानासुद्धा.

पण देवराव फोनवर कुठं बोलत होता? बोलायचे ते गोपाळराव, तेही फक्त कॉल बुक करायला. दोन गुरुवार तसेच निघून गेले. नत्थूजी बाहेरगावी गेले, नत्थूजी बाहेरगावी गेले. बाबनरावनं हेडसेट कानाला लावला, काढला.

तिसऱ्या गुरुवारी बुद्ध पौर्णिमा आली. सरकारी सुटी, पण एक्स्चेंजला सुटी कसली. सकाळी निघताना आई तांदूळ निवडत होती. ह्या दिवशी तिच्या हातची खीर देवरावनं कधी चुकवली नव्हती. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही ह्याचीच मला काळजी वाटायला हवी होती.

बाबनराव त्या दिवशी खुशीत होता. "खबर पक्की हाये, मॅडम," खुर्ची ओढत तो म्हणाला. "भिवापुरातच हाये तो. कोणाच्या घरी, तेवढंच समजून नाही राहिलं. एकदा आवाज आला का तुमी नंबर सांगा. जीप उमरेडच्या ठान्यात उभीच हाये."

"मग कोर्टात उभं करणार?" मी कॉर्ड पुसत विचारलं.

"कोर्ट?" तो हसला. "दिल्लीच्या मोठ्या कोर्टानंच सांगतलं ना आता. काहून पकडलं ते इचारता येत नाही. आत गेला का गेला."

पंधरा दिवसांपूर्वीच ती बातमी पेपरात आली होती आणि मी ती आईपासून लपवली होती. आता ती बातमी अशी चहाच्या कपाशेजारी बसून माझ्याशी बोलत होती. आज आईनं 'दवाखान्यात' म्हणायला हवं होतं, आणि ते तिला सांगायचं कसं? मी उठून प्रेमिलाबाईंच्या टेबलाशी गेले. घरी एक फोन करू का, आईला बरं नाही, म्हटलं. "खासगी फोन बंद आहेत, तुला माहीत नाही?" त्या कुजबुजल्या आणि डोळ्यांनी बाबनरावकडे दाखवलं. "आणि आज चौघी रजेवर आहेत. बोर्ड सोडून उठू नकोस." मी परत येऊन बसले.

दुपारी उमरेडची ऑपरेटर बोलली, "नागपूर, भिवापूरचा पी.पी. घ्या. नत्थूजी."

बाबनरावनं हेडसेट चढवला. मी कुसुमावतीबाईंचा नंबर लावला. त्यांनी उचलला, नेहमीसारखं "थांबा हं" म्हणाल्या आणि आईला हाक मारायला गेल्या. लाइनीवर त्यांच्या पंख्याची घरघर येत होती. मग आईच्या चपला वाजल्या.

"हॅलो."

"भिवापूरहून पी.पी. कॉल. नत्थूजी आहेत का?"

मी ड्यूटीच्या आवाजात विचारलं. आईला तो आवाज पाठ होता. नेहमी ती पोपटासारखं उत्तर द्यायची. आज ती गप्प राहिली. म्हण ना, मी मनात म्हणत होते, काहीतरी म्हण.

"आहेत," आई म्हणाली.

नियमात बसत नव्हतं तरी मी पुन्हा विचारलं, "कोण आहेत?"

"नत्थूजी. आहेत. द्या जोडून."

उमरेडच्या ऑपरेटरनं ते ऐकलं आणि चोख आपलं काम केलं. "बोला भिवापूर, पार्टी लाइनवर आहे." तिकडे एकदम गडबड झाली. गोपाळरावांचा घाबरलेला "अहो पण..." ऐकू आला. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. देवराव उत्तरासाठी तिथंच उभा असणार, आणि त्याला वाटलं असणार, आई फोनवर आली म्हणजे काहीतरी झालं. बाबनराव कप हातात धरून पुढं झुकला होता.

"कोन?" आई म्हणाली. "बोल ना बापा."

आणि भिवापूरहून एक खाकरा ऐकू आला.

मी कॉर्ड उपसली.

विचार करून उपसली असं सांगितलं तर ती थाप होईल. हातानं उपसली. बाबनरावची नजर कपावरून माझ्या हातावर येईपर्यंत कॉर्ड परत भोकात होती, पण तोवर लाइन तुटली होती. दुसरा खाकरा तारेतच राहिला.

"काहून काढला?"

"मी कुठं काढला? लाइन गेली. ह्या उन्हात तारा सैल पडतात, साहेब."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बोर्डाकडे पाहत राहिले. त्याचा आवाज मात्र शांत होता, आणि तेच वाईट होतं. "एकदा खाकरला," तो स्वतःशीच म्हणाला. "एकदा तं कोणी बी खाकरते." मग मला म्हणाला, "पुन्हा लावा. पयले नागपूरवाली बाई. माह्यासमोर."

मी नंबर लावला. घंटी वाजायच्या आत आईनंच उचलला, ती तिथून हलली नव्हती. "हॅलो, हॅलो, बापा," ती म्हणत होती. मी डोळे मिटले. आईला काही कळवायचं तर मला एवढेच शब्द होते, रोजचे, आणि शेजारी हा माणूस कान लावून बसला होता.

"पी.पी. कॉल," मी म्हणाले. "नत्थूजी आहेत का?"

माझा आवाज फुटला. 'आहेत का' म्हणताना तो कापला, आणि तो आवरणं माझ्या हातात राहिलं नाही.

लाइनीवर पुन्हा नुसती पंख्याची घरघर. आई मोठ्यानं श्वास घेत होती. तिनं आत्ता 'आहेत' म्हटलं असतं तर देवराव संध्याकाळच्या आत जीपमध्ये असता, आणि मग त्याला कुठं ठेवलंय हे विचारायलाही आम्हाला दार उरलं नसतं. मी तिच्यावर जन्मात एवढी चिडले नव्हते, आणि तिची एवढी कीवही मला कधी आली नव्हती.

"नाही जी," आई म्हणाली. "दवाखान्यात नेलं."

बाबनराव मधेच गरजला, "ए बाई! आत्ता तं आहेत म्हनली!"

"म्हनली असन. बुढी हाओ जी मी." आईचा आवाज एकदम वाळकुंडा झाला होता. "दवाखान्यात नेलं. सांगून द्या त्यायले. लवकर सांगून द्या."

नियमाप्रमाणे मी उमरेडमार्फत भिवापूर परत घेतलं आणि उत्तर पुढं सांगितलं; बाबनराव तिकडच्या आवाजासाठी कान टवकारून होता. "भिवापूर, पी.पी. नत्थूजी नाहीत. दवाखान्यात नेलंय." तिकडून गोपाळरावांचा "अरे अरे, बरं" आला आणि फोन खाली ठेवल्याचा आवाज. बाबनरावनं माझ्याकडून दोन्ही नंबर घेतले आणि चहा तसाच सोडून तो बाहेर धावला. जिन्यावरून उतरताना त्याचे बूट वाजले. मी पुढचा कॉल घेतला. कोणाचा, कुठला, आठवत नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर कुसुमावतीबाईंच्या फाटकासमोर पोलिसांची जीप. ओट्यावर खुर्चीत बाबनराव आणि खाली पायरीवर माझी आई, पदर डोक्यावरून घेऊन. कुसुमावतीबाई दारात थरथरत उभ्या होत्या. मी फाटकाशीच थांबले.

"गोदामात चटई भेटली, पांघरून भेटलं," बाबनराव चिडून म्हणत होता. "माणूस नाही भेटला. तो व्यापारी म्हनते, हमाल झोपते तिथं. अन् तुमी म्हनता दवाखान्यात. कोणत्या दवाखान्यात? कोन हाये हा नत्थूजी?"

माणूस नाही भेटला.

"माहा मालक," आई म्हणाली.

"कुठं हाये?"

"मेला. लई दिवस झाले."

बाबनराव तिच्याकडे पाहतच राहिला. "मेला तं आहेत काहून म्हनली?"

"कोनी त्याचं नाव घेऊन इचारलं," आई म्हणाली. "घरात आता कोनी नाव घेत नाही त्याचं. मले वाटलं, म्हनून पाहावं. तुमाले नाही समजनार ते."

मग त्याची नजर वर आली आणि फाटकावर मी दिसले. कुसुमावतीबाई बिचाऱ्या सरळ मनाच्या. "ही शामला," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "ह्यांची मुलगी. टेलिफोनातच आहे, विचारा हवं तर."

बाबनराव उठला. सावकाश पायऱ्या उतरून माझ्यासमोर आला. इतके दिवस माझ्या शेजारी बसून चहा प्यालेला माणूस, आणि मी त्याला पहिल्यांदाच पाहतेय असं वाटलं. त्यालाही तसंच वाटत असावं.

"लाइन गेली होती?" त्यानं विचारलं.

"गेली होती."

"उद्या बोर्डावर बसू नका," तो म्हणाला. "साहेबाच्या खोलीत या." आणि तो जीपमध्ये बसून निघून गेला. पुढं चौकशी झाली, मला कामावरून काढलं, आणीबाणी उठल्यावर परत घेतलं, ते सगळं रडगाणं इथं नको. देवराव त्यांच्या हाती लागला नाही, तेवढं सांगते.

घरात आल्यावर आईनं स्टोव्ह पेटवला आणि सकाळची खीर तापत ठेवली. मी दाराला कडी लावून तिथंच उभी राहिले.

"आई, फोन मी कापला."

"मले नाही का समजत?" ती मागं न वळता म्हणाली. "असा राग आला होता का तू समोर असती तं झापड देली असती."

"मग दवाखान्यात काहून म्हणाली?"

"तुहा आवाज कापला. इतके दिवस झाले, फोनवर कधी कापला नाही तुहा आवाज." तिनं पळीनं खीर ढवळली. "माहीच चुकी झाली म्हना. पन मी तं एकच मागत होती. बोलू नाही देल्लं, तं नाही देल्लं. दुसऱ्यांदा खाकरू तरी द्यायचं होतं त्याले."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मग आईनं पळी खाली ठेवली, पाठ ताठ केली आणि खाकरली. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. छातीतून, जाड, पुरुषी. तो देवरावचा खाकरा होता आणि देवरावच्याही आधीचा होता. बाबा पाळी संपवून घरी यायचे तेव्हा आत बायाबापड्या बसल्या असतील म्हणून दाराबाहेर असंच दोनदा खाकरून आत यायचे. देवरावनं ते त्यांच्याकडूनच उचललं होतं, आणि मी ते साफ विसरून गेले होते.

"असा," आई म्हणाली. "मंग खोटं बोलली का मी? आहेत म्हनलं, तं होतेच ना लाइनवर."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. खालून खीर लागल्याचा वास आला तरी ती स्टोव्ह बारीक करायला हलली नाही.